चुलीचा खर्च आणि मजुरीचे माप



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी खाली बसून ऐकावे, अशी जुनी रीत आहे. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, वेतनकरारांच्या आणि निवाड्यांच्या निमित्ताने वाचले. म्हणून आजचा विषयही मी त्याच बाजूने मांडणार आहे. विषय अगदी घरगुती आहे. विजेचे बिल, गॅसची टाकी, सरपण, किराणा, थोडक्यात घरखर्च. परंतु या घरगुती गोष्टीला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो हिंगोली जिल्ह्यातील माणसाने समजून घेण्यासारखा आहे.

महागाई सर्वांनाच सारखी, असे आपण सहज बोलून जातो. हे अर्धेच खरे आहे. भाव सर्वांना सारखा असतो. तो वाढल्यावर पुढे काय होते, ते मात्र सारखे नसते. भावाबरोबर ज्याचे उत्पन्न आपोआप चढते, त्याला महागाई चिमटा काढते. ज्याचे उत्पन्न जागचे हलत नाही, त्याच्या ताटातला घास ती काढून घेते. कोणाचे उत्पन्न भावाला जोडलेले आहे आणि कोणाचे नाही, हाच या विषयाचा गाभा आहे. ही जोडणी कोणी आणि कशी मिळवली, आणि आपण तिच्या बाहेर कसे राहिलो, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम आपल्या मुलखाचे पाहू. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून फुटून आपला स्वतंत्र जिल्हा झाला. त्या जुन्या काळात खेड्यातल्या चुलीचे बिल कोणी पाठवत नसे. तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, बाभळीचे फाटे आणि शेणाच्या गोवऱ्या यांवर स्वयंपाक होई. दिव्याला तेवढे रॉकेल विकत घ्यावे लागे, म्हणून चिमणी लवकर विझवीत. शेतातली पुष्कळशी मजुरी धान्यात मिळे. सालगड्याचे ठरलेले धान्य असे, सुगीत ज्वारी मिळे. मजुरी धान्यातच असल्यामुळे धान्याचा भाव चढला तरी पोटापुरते माप बदलत नसे. तो काळ सुखाचा होता असे मी मुळीच म्हणत नाही. वेठ होती, कर्ज होते, उपास होते. पण हिशेबाच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मजुरी रोख झाली तेव्हापासून मजुराचे पोट बाजारभावाच्या दोरीला बांधले गेले, आणि ती दोरी ओढणारे हात दुसऱ्याचे होते.

चुलीला बिल नव्हते म्हणून ती फुकट पेटत होती असेही कोणी समजू नये. तिची किंमत घरातली बाई पायांनी आणि डोक्याने देत होती. रानातून मोळी आणायची, गोवऱ्या थापायच्या, धुराने डोळे लाल करून घ्यायचे, हे सारे तिच्या वाट्याला होते. या खर्चाची वही कोणी ठेवली नाही. वही नसलेला खर्च नेहमी दुबळ्याच्या अंगावर पडतो, हे सूत्र पुढे आपल्याला वारंवार दिसणार आहे.

आता मुंबईकडे वळू, कारण रोख मजुरीवर जगणारा मोठा मराठी समाज प्रथम तिथेच उभा राहिला. पहिल्या महायुद्धात धान्य, कापड आणि रॉकेल यांचे भाव भडकले. मजुरी मात्र रखडली. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी काम बंद केले. पुढच्याच वर्षी पुन्हा मोठा संप झाला. तेव्हा सरकारला एक अडचण जाणवली. कामगार म्हणतो महागाई दुप्पट झाली, मालक म्हणतो एवढी झाली नाही. खरे काय ते सांगणारे माप कोणापाशीच नव्हते. १९२१ साली मुंबई सरकारने कामगार खाते म्हणजे लेबर ऑफिस उघडले, आणि त्याच्या मासिकातून कामगारवर्गाच्या राहणीखर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. जुलै १९१४ चा खर्च १०० धरायचा आणि आज तेवढ्याच वस्तूंना किती पडतात ते सांगायचे, अशी त्याची रीत होती.

निर्देशांक हा शब्द मोठा असला तरी कल्पना साधी आहे. एक टोपली घ्या. त्या घरात महिन्याला जे जे लागते ते त्या त्या प्रमाणात टोपलीत घाला. दर महिन्याला तीच टोपली बाजारात न्या आणि भरून आणा. पहिल्या वेळी १०० रुपये लागले आणि आज १३० लागले, तर निर्देशांक १३० झाला. मुंबईच्या त्या पहिल्या टोपलीत तांदूळ, गहू, ज्वारी, डाळ यांच्याबरोबर रॉकेल, जळाऊ लाकूड आणि कोळसाही होता. १९२१-२२ च्या कुटुंबखर्चाच्या पाहणीत सरपण आणि दिवाबत्तीवर कामगाराचे शेकडा सातांहून थोडे अधिक जात असल्याचे दिसून आले. कामगाराच्या घरातली चूल सरकारी कागदावर चढली, ही साधी गोष्ट नव्हे. ती चढवायला दोन संप लागले होते.

कागदावर चढली म्हणजे पैसे मिळाले, असे मात्र झाले नाही. माप तयार झाले तरी त्याला मजुरी जोडायची, हे काम उरलेच होते. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि भाव पुन्हा उसळले. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरण्या महागाई भत्त्याच्या मागणीसाठी बंद पडल्या, आणि तो संप सुमारे चाळीस दिवस चालला. युद्धाच्या आणि स्वातंत्र्याच्या त्या दशकात, कधी संपाने तर कधी औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने, एक तत्त्व गिरणीत रुजले. निर्देशांक चढला की भत्ता चढला पाहिजे. आज सरकारी नोकराचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून वाढतो, त्याच्या मुळाशी हाच जुना झगडा आहे.

जोडणी झाल्यावर भांडण मापावर आले. वीस-पंचवीस वर्षे तीच १९३३-३४ ची टोपली मुंबईत फिरत होती. कामगारांची तक्रार अशी की दुकानात जो भाव द्यावा लागतो, तो निर्देशांकात दिसतच नाही. २० ऑगस्ट १९६३ रोजी मुंबई बंद झाली. महाराष्ट्र सरकारने अर्थशास्त्रज्ञ प्राध्यापक लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. निर्देशांक खरोखरीच कमी दाखवला जात होता असे समितीच्या तपासणीत निघाले, आणि दुरुस्ती झाली. ज्याला अंकगणित येत नाही असे समजले जात होते, त्या कामगाराचा हिशेब बरोबर ठरला. त्याने शास्त्र वाचले नव्हते. त्याच्या घरची वाण्याची वही त्याने वाचली होती. माझ्यासारख्या शाळा सुटलेल्या माणसाला या घटनेचा मोठा आधार वाटतो.

आता प्रश्न असा की, हे सारे मुंबईत घडत असताना आपल्याकडे काय होते? निर्देशांक निघतो तो कारखान्यांच्या गावांसाठी. आपल्या शेजारच्या नांदेडला कापडगिरणी होती, म्हणून नांदेडचा निर्देशांक राज्य सरकार काढू लागले. हिंगोलीत मोंढा होता, जिनिंग होते, रेल्वे होती. पण टोपली घेऊन बाजारात फिरावे असे आपले गाव कोणाला वाटले नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मालिकेत औद्योगिक कामगारांसाठी देशभरातील ८८ केंद्रे आहेत. त्यांत हिंगोली नाही.

शेतमजुरांसाठी वेगळा निर्देशांक आहे, हे खरे. पण त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. औद्योगिक कामगारांच्या टोपलीचे पायावर्ष १९६० होते. ते पुढे १९८२ झाले, मग २००१ झाले, मग २०१६ झाले. कामगाराची राहणी बदलली तशी त्याची टोपली तीनदा नव्याने भरली गेली. शेतमजुराची टोपली १९६०-६१ नंतर १९८६-८७ ला बदलली. त्या टोपलीतील वस्तूंचे प्रमाण १९८३ च्या पाहणीवरून घेतलेले होते. त्यानंतर २०१९ हे पायावर्ष धरून नवी मालिका आली ती थेट २०२५ च्या जुलै महिन्यात. म्हणजे बेचाळीस वर्षांपूर्वीच्या, १९८३ च्या शेतमजुराचे घर आजचे घर समजून मोजले जात होते. १९८३ साली आपल्या किती खेड्यांत गॅसची टाकी होती? मोबाईल तर कुठेच नव्हता. मुलांच्या शिकवणीचे, दवाखान्याचे, बसभाड्याचे ओझे आजच्यासारखे नव्हते. त्या जुन्या टोपलीत शेकडा ६९ भाग अन्नाचा होता आणि शेकडा ८.३५ इंधन-दिव्याचा. औद्योगिक कामगाराच्या टोपलीत इंधन-दिव्याचा भाग २००१ साली शेकडा ६.४३ होता, २०१६ साली ५.५० झाला. यावरून दोन गोष्टी निघतात. घर जितके गरीब, तितका चुलीचा हिस्सा मोठा. आणि दुसरी अशी की, जो संघटित असतो त्याचे माप वेळोवेळी तपासले जाते; जो विखुरलेला असतो त्याचे माप गंजत पडते.

आपण मराठवाड्याची माणसे मुळीच झगडलो नाही असे मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे अजून घरोघर आहेत. सुकडी, लाल मिलो, खडी फोडण्याची कामे, हे शब्द आमच्या पिढीने आईबापांच्या तोंडून ऐकले. त्या काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली. वि. स. पागे यांची ती कल्पना. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या योजनेसाठी पैसा यावा म्हणून १९७५ साली व्यवसायकर बसवला गेला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा काही रुपये कापले जात आणि ते दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामाला लागत. संघटित कामगाराने असंघटिताला दिलेला हा हात होता, आणि त्याची आठवण दोन्ही बाजूंनी ठेवली पाहिजे.

त्याच सुमारास मुंबईत बायका रस्त्यावर आल्या. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांतल्या स्त्रिया तिच्यात एकत्र आल्या. तेल, साखर, रवा, रॉकेल मिळावे आणि रास्त भावाने मिळावे, म्हणून त्यांनी लाटणे मोर्चे काढले, थाळ्या वाजवल्या. कामगार-चळवळीत आम्ही पुरुष वर्षानुवर्षे पगाराच्या आकड्यावर बोलत आलो. तो आकडा घरी आल्यावर किती दिवस पुरतो, हे या बायकांनी सार्वजनिक ठिकाणी मांडले. त्यांची वेळही मोठी कठीण होती. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली, आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेले कच्चे तेल जानेवारी १९७४ पर्यंत बारा डॉलरच्या जवळ गेले. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. त्याच्या मागण्यांत बोनसबरोबर महागाई भत्त्याचीही मागणी होती. त्याच वर्षी सरकारने असा कायदा केला की वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग कामगाराच्या हातात न देता सक्तीने ठेवीत टाकायचा. भाव रोखता येईनात, तेव्हा भत्ताच रोखला. मिळालेली जोडणी काढूनही घेता येते, हा त्या वर्षाचा धडा आहे.

आता विजेकडे येऊ. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. आपल्या पूर्णा नदीवर येलदरीचे धरण झाले, त्याच्या खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वरचे झाले. येलदरीच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच बसले आणि १९६८ पासून आपल्या नदीच्या पाण्यावर वीज निघू लागली. पुढे १९७१ साली परळीला कोळशावरचे केंद्र सुरू झाले. पाण्यावरची वीज थोडी, पण तिला इंधन विकत घ्यावे लागत नाही. कोळशाच्या विजेला कोळसा लागतो, रेल्वेचे भाडे लागते. म्हणजे दूरच्या खाणीतला भाव तारेतून आपल्या घरात येतो.

हा भाव किती दूरवरून येऊ शकतो, ते दाभोळने दाखवले. १९९२ साली एन्रॉन या अमेरिकन कंपनीबरोबर प्राथमिक करार झाला, आणि मे १९९९ मध्ये दाभोळची वीज मिळू लागली. करार असा होता की इंधनाचा भाव आणि डॉलरचा भाव वाढला की विजेचा दर वाढावा, आणि वीज घेतली नाही तरी ठरलेला आकार द्यावा. नाफ्था महागला, रुपया घसरला, आणि ते ओझे मंडळाला पेलेना. मे २००१ मध्ये मंडळाने ही वीज घेणे थांबवले. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने कराराची चिरफाड केली, आणि डिसेंबरात एन्रॉन कंपनीच दिवाळ्यात निघाली. या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातले एकच सांगायचे आहे. कामगाराने निर्देशांकाशी मजुरी जोडा म्हटले की ज्यांना ती चैन वाटते, त्यांनीच एका कंपनीचे उत्पन्न इंधनाशी आणि डॉलरशी जोडून दिले होते, आणि तेही लेखी.

आजचे घरगुती वीजबिल हातात घेऊन पाहा. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाले आणि घरापर्यंत वीज पोचवण्याचे काम महावितरणकडे आले. त्या बिलात स्थिर आकार असतो, वीज आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो आणि या सर्वांवर राज्य सरकारचे विद्युत शुल्क असते. घरगुती ग्राहकाला ते शेकडा १६ लागत आले आहे. यांपैकी इंधन समायोजन आकारावर बोट ठेवा. कोळसा किंवा विकत घेतलेली वीज महागली, की ती वाढ या ओळीतून ग्राहकाकडून घेतली जाते. मी याला कंपनीचा महागाई भत्ता म्हणतो. त्यासाठी कंपनीला संप करावा लागत नाही, मोर्चा काढावा लागत नाही. वीज पुरवायची तर तिचा खर्च भरून निघालाच पाहिजे, हे मला मान्य आहे. तारा ओढणारा आणि खांबावर चढणारा कामगारही त्याच पैशातून जगतो. माझे म्हणणे इतकेच की, हा न्याय खांबाच्या एका टोकाला लागू आहे, तर दुसऱ्या टोकाच्या घरालाही लागू असावा.

गॅसची गोष्ट याच वळणाची आहे. मुंबईत बर्मा-शेल कंपनीने १९५५ साली घरगुती गॅस विकायला आणला. तो आपल्या खेड्यांत यायला दोन पिढ्या गेल्या. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि मोळीच्या वाटेवरच्या हजारो बायकांच्या घरी शेगडी आली. हे काम चांगले झाले. धुरातून सुटका म्हणजे काय, ते चुलीपुढे बसलेल्यालाच विचारावे. पण शेगडी एकदा येते, टाकी पुन्हा पुन्हा आणावी लागते. सप्टेंबर २०१२ मध्ये सवलतीच्या टाक्यांवर वर्षाला सहाची मर्यादा आली. ती पुढे नऊ आणि मग बारा झाली. २०१५ पासून पूर्ण किंमत आधी भरायची आणि सवलत नंतर बँकेत जमा व्हायची, अशी पद्धत देशभर झाली. मे २०२० नंतर बहुतेक ग्राहकांची सवलत जवळजवळ थांबली. मार्च २०२३ मध्ये मुंबईत १४.२ किलोची टाकी ११०० रुपयांच्या वर गेली. त्या वर्षी ऑगस्टअखेर २०० रुपयांनी आणि मार्च २०२४ मध्ये १०० रुपयांनी ती उतरली, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ५० रुपयांनी चढली. उज्ज्वलाच्या ग्राहकांना मे २०२२ पासून टाकीमागे २०० आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपयांची वेगळी सवलत मिळाली.

या आकड्यांशेजारी मजुरी ठेवून पाहू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. एप्रिल २०२५ चा मुंबईचा टाकीचा भाव साडेआठशेच्या थोडा वर होता. तो धरला, तर सवलतीशिवाय एका टाकीला पावणेतीन दिवसांची मजुरी गेली. तीही काम मिळाले तर, आणि मजुरी वेळेवर जमा झाली तर. अशा घरात काय होते ते आपण सर्वजण जाणतो. टाकी सणासुदीला आणि पाहुण्यांसाठी राहते, रोजची भाकरी पुन्हा पऱ्हाट्यांवर येते. बाई पुन्हा रानाची वाट धरते. तेव्हा सरकारी वहीत गॅसजोडणी दिसते, आणि घरात धूर असतो. महागाईची किंमत चुकवली गेली, पण ती रुपयांत चुकवली नाही, म्हणून कोणाला दिसली नाही. एखाद्या पाहणीत सरपणाला भाव धरतीलही. सरपण आणायच्या फेरीला मजुरी कोणी धरत नाही.

आणखी एक उदाहरण माझ्या कामातले. अंगणवाडीच्या बाईला जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्द सन्मानाचा आहे, पण त्यात एक गोम आहे. पगाराला महागाई भत्ता जोडता येतो, मानधनाला नाही. अंगणवाडी सेविकेच्या मानधनाची केंद्राची रक्कम ऑक्टोबर २०१८ मध्ये ४५०० रुपये झाली आणि डिसेंबर २०२३ मध्येही ती तेवढीच होती. पाच वर्षांत तेल, डाळ, टाकी, बस, सारे बदलले. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचारी संपावर गेल्या आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत तो संप चालला. ज्याला जोडणी नाही त्याला प्रत्येक वाढीसाठी नव्याने रस्त्यावर यावे लागते. १९१९ सालचा गिरणी कामगार नेमक्या याच जागी उभा होता.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माझे शेतकरी मित्र म्हणतात, मजुरी भावाला जोडा म्हणता, पण आमचे सोयाबीन कोणत्या भावाला जोडले आहे? २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनची आधारभूत किंमत ४८९२ रुपये क्विंटल होती, आणि कित्येक बाजारांत माल त्याखाली विकला गेला. तीन एकरांच्या धन्याने वाढीव मजुरी आणायची कुठून? आक्षेप खरा आहे. पण तो माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतो. लहान शेतकरी आणि त्याचा मजूर हे दोघेही जोडणीच्या बाहेरचे आहेत. खत, डिझेल, वीज विकणाऱ्यांचे भाव त्यांच्या खर्चाप्रमाणे चालतात. सोयाबीन आणि श्रम विकणाऱ्यांचे चालत नाहीत. या दोघांनी बांधावर एकमेकांशी भांडण्यात अर्थ नाही. रोजगार हमीचा जुना धडा असा आहे की, जिथे धनी देऊ शकत नाही तिथे सार्वजनिक तिजोरीने मजुरीचा तळ धरून ठेवावा.

मग आपण करावे काय? घरात काटकसर करावी हा उपदेश मी फारसा करणार नाही, कारण गरीब घराला तो नवा नाही. तरी विजेच्या बाबतीत हिशेब ठाऊक असावा. हजार वॅटचे यंत्र तासभर चालले की एक युनिट होते. साठ वॅटचा जुना दिवा एका युनिटात सोळा-सतरा तास जळतो. नऊ वॅटचा एलईडी शंभर तासांहून अधिक. पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड रोज तासभर लावला तर महिन्याला ४५ युनिटे होतात. शंभर युनिटांपुढचा दर चढा असतो, म्हणून हा एकच रॉड घराला वरच्या दराच्या पायरीवर नेऊन ठेवतो. एवढे कळले तरी बिलाची भीती कमी होते. पण काटकसरीने दर उतरत नाही. त्यासाठी चार भिंतींबाहेर यावे लागते.

पहिली गोष्ट, आपली टोपली आपण भरावी. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ, या पाच ठिकाणी महिन्याच्या एकाच तारखेला ठरलेल्या पंचवीस-तीस वस्तूंचे भाव लिहून ठेवावेत. ज्वारी, तूरडाळ, तेल, टाकी, विजेची शंभर युनिटे, बसचे तिकीट, शाळेची वही, तापाची गोळी. हे काम कॉलेजचे विद्यार्थी करू शकतील, बचतगटातल्या बाया त्याहून चांगले करतील. मुंबईच्या कामगाराने १९६३ साली वाण्याच्या वहीवरून सरकारचे गणित दुरुस्त करून घेतले. आपल्याला कोणाची मनाई आहे?

दुसरी गोष्ट, ज्या ज्या ठिकाणी मजुरीचा करार होतो तिथे जोडणी मागावी. वसमतच्या आणि हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात हमालीचे दर ठरतात, तिथे दर ठरवताना पुढच्या वर्षीचा दर कोणत्या निर्देशांकाप्रमाणे वाढेल तेही लिहून घ्यावे. एकदा ते कलम आले की दरवर्षी गयावया करायला नको, आणि दरवर्षी बंदही पाडायला नको. व्यापाऱ्यालाही ते सोयीचे पडेल. कारण पुढचा खर्च त्याला आधी कळेल.

तिसरी गोष्ट, विजेचा दर ठरतो तिथे हजर राहावे. वीजदर ठरवणारा नियामक आयोग महाराष्ट्रात १९९९ साली आला. दरवाढीचा प्रस्ताव जाहीर करून लोकांच्या सूचना आणि हरकती मागवल्याशिवाय दर ठरवू नये, असा दंडक २००३ च्या वीज कायद्याने घातला, आणि त्यासाठी विभागाविभागांत जनसुनावण्या होत आल्या आहेत. पुण्याच्या प्रयास संस्थेने आणि राज्यातील वीजग्राहक संघटनांनी आकडे घेऊन तिथे उभे राहण्याची चांगली परंपरा पाडली. कारखानदारांचे वकील तिथे येतात. शेतमजूर बाई तिथे क्वचितच दिसते, आणि जिच्या चुलीचा प्रश्न आहे ती दिसत नाही तोवर तिचा आकडाही दिसणार नाही. पुढच्या सुनावणीला हिंगोलीहून एक गाडी भरून गेली पाहिजे, आणि त्या गाडीत आपली भावांची वही असली पाहिजे.

शंभर वर्षांच्या या इतिहासात मला कुठेही असे आढळले नाही की, कोणाच्या घरखर्चाचे माप आपण होऊन कोणी घेतले. ज्यांनी मागितले त्यांचे घेतले गेले. ज्यांनी पुन्हा पुन्हा तपासले त्यांचे बरोबर राहिले. शेतमजुराची बेचाळीस वर्षांची गंजलेली टोपली २०२५ साली बदलली. ही नवी टोपली तरी पुढची बेचाळीस वर्षे तशीच पडू नये, एवढी जाग आपण ठेवायला हवी. भाकरीला किती पीठ लागते ते भाकरी थापणारीला जितके ठाऊक असते तितके दुसऱ्या कोणाला नसते. तिने आता ते मोजून, लिहून, चारचौघांत मांडावे, आणि तिच्या शेजारी आपण उभे राहावे.